दुधाची लेक

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. आज सकाळी पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवताना इत्तोने माझी हनुवटी धरली आणि कानाशी वाकून म्हणाली, "तामू, झालं ते तुझ्या पोटात राहू दे. तू गेलीस की गोष्ट संपली." मी पाणी प्यायले. मेंढी कुणाला काय सांगणार? पण मी सांगणार नाही याची तिला खात्री होती, तर सांगू नकोस असं तरी ती कशाला म्हणाली?

म्हणून मी बोलतेय. मी तामू, एक मेंढी. माझ्या कानात पिवळा बिल्ला आहे. झीझ नदीच्या काठच्या सरकारी मेंढी केंद्रात मी लहानाची मोठी झाले. तामू हे नाव इत्तोने ठेवलं. ती मेंढ्यांना आपल्या आत्यांची नावं देते. एकदा एक आत्या पाहुणी आली, आपल्या नावाची मेंढी उकिरड्यावर चरताना पाहिली आणि चहा न पिताच निघून गेली. इत्तो म्हणाली, "मेंढी तरी लोकर देते. आत्याने काय दिलं?"

माझा जन्म मात्र केंद्रात झाला नाही. केंद्राच्या भिंतीला लागून बासू आणि इत्तोचं मातीचं घर आहे. बासू केंद्राच्या मेंढ्या राखतो. इत्तो त्याची बायको. तिला पगार नाही, पण व्यायला झालेली मेंढी बासूआधी तिलाच हाक मारते. घराच्या मागे, खजुरीखाली, इत्तोची स्वतःची एक काळी मेंढी बांधलेली असे. ती माझी जन्माची आई.

खजुरीच्या मुलखातल्या आमच्या जातीची एक खोड आहे. डोंगरातली मेंढी एक कोकरू देते आणि वर्षभर त्याचा तोरा मिरवते. आमच्याकडची मेंढी तीन देते, कधी चार देते, आणि मग कुणाला पाजू आणि कुणाला नको म्हणून गोल गोल फिरत बसते. आम्ही चौघं झालो. मी शेवटची. आईने तिघांना चाटलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी धडपडत तिच्या कासेपाशी गेले, तर तिने मागचा पाय झाडला. तिला मी दोष देत नाही. तिला सड दोनच होते.

त्याच सकाळी भिंतीपलीकडे केंद्राच्या वाड्यात हद्दा व्याली होती, आणि तिचं कोकरू मेलेलं निघालं होतं. हद्दा त्याला नाकाने उठवत होती. कास इतकी तटतटली होती की तिला नीट उभंही राहवत नव्हतं. इत्तो या दारातून त्या दारात गेली, परत आली आणि बासूला म्हणाली, "इकडे पोट रिकामं, तिकडे कास भरलेली, आणि मध्ये एवढीशी भिंत. देव आपल्याला बघतोय, आण ती सुरी."

आमच्याकडे हे पूर्वीपासून करतात. मेलेल्या कोकराचं कातडं अलगद सोडवायचं, सदरा काढावा तसं. मग ते परक्या कोकराच्या अंगावर चढवायचं, चार पाय चार भोकांतून बाहेर. मेंढी डोळ्यांनी नव्हे, नाकाने लेकरू ओळखते. तो ओला, जड सदरा माझ्या अंगावर चढला तेव्हा मी थंडीने थरथरत होते, आणि तो अजून कोमट होता. मेलेल्याचे कपडे घालून मी या जगात मोठी होऊ लागले.

हद्दाने मला हुंगलं. शेपटीपाशी हुंगलं, मानेपाशी हुंगलं. मग थांबली. इत्तोने मला पाठीमागून हळूच पुढे ढकललं. मग हद्दाच्या गळ्यातून तो बारीक आवाज निघाला, जो मेंढी फक्त आपल्या लेकराशी काढते. मी कास शोधली. चीक गरम होता आणि भरपूर होता. "बिस्मिल्ला," इत्तो म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसून बासूवर ओरडली, "काय बघत बसलास? चहा ठेव!"

दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं. तोवर माझ्या अंगाला हद्दाच्याच दुधाचा वास यायला लागला होता.

त्याच आठवड्यात शहरातून मेंढ्यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर वियाम आल्या. तरुण, चष्मा लावणाऱ्या, शहरी बूट घालून चिखलात उभ्या. त्या प्रत्येक कोकराला उचलत, आई कोण ते विचारत, कानात बिल्ला ठोकत आणि सहाय्यकाला लिहून घ्यायला सांगत. बासूला त्या काका म्हणत आणि इत्तोला मावशी. इत्तो खूश असे, कारण आजवर केंद्रात येणाऱ्या साहेबांनी तिला कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती.

डॉक्टरांनी मला उचललं. "ही कुणाची, मावशी?"

"हद्दाची," इत्तो म्हणाली. एक क्षणही थांबली नाही.

"मुलगी आहे ना? बरं झालं! या घराण्यात मुली कमीच पडल्यात."

कानात टच्चकन दुखलं. मी ओरडले. हद्दाही ओरडली.

डॉक्टर पुढच्या वाड्यात गेल्यावर बासू दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, ती आपल्या काळीची ना?"

"होती."

"होती म्हणजे? आईबाप नीट सांगा म्हणून बाई किती वेळा म्हणाल्या."

इत्तोने घमेलं खाली ठेवलं. "तुझ्या धाकट्या भावाचं आणि माझ्या बहिणीचं लग्न कशाने मोडलं रे?"

"आता ते मध्ये कुठून आलं?"

"सांग ना. मेंदी भिजवली होती. पाहुण्यांना सांगावे गेले होते. आणि तुझी आई म्हणाली, ह्या दोघांना मी तान्हेपणी एकाच वेळी पाजलंय, ती बहीणभाऊ झाली, लग्न हराम. माझी बहीण वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा सगळ्या गावाला दूध खरं वाटलं. मग आता का खोटं? हिने कुणाचं दूध प्यायलं?"

"हद्दाचं."

"मग लेक कुणाची?"

बासूने डोकं खाजवलं. बायकोपुढे त्याचं हे नेहमीचंच. "हद्दाची," तो म्हणाला.

या दोघांनी डॉक्टरांना फसवलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते बरोबर नाही. इत्तो खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं, ही कुणाची. हिला जन्म कुणी दिला, असं कुणी विचारलंच नव्हतं.

मी कशासाठी आहे, हे मला त्या वसंतात कळलं. केंद्राच्या पायरीवर चहा चालला होता. इत्तो चातीवर सूत कातत होती. डॉक्टरांनी तिच्या टोपलीतून दोन दोरे घेतले, एक काळा, एक पांढरा.

"मावशी, हे बघा. काळा म्हणजे तुमच्या इकडचा एडका. त्याच्या घराण्यात तिळी होतात. पांढरी म्हणजे डोंगरातली मेंढी, तिला एकच होतं. त्यांची पोरं म्हणजे ही हद्दा आणि तिच्या पिढीतली सगळी. त्यांच्या अंगात दोन्ही दोरे शेजारी शेजारी."

"बरं."

"पण ती आपल्या पोरांना, म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्याच्या नातींना, अख्खा काळा किंवा अख्खा पांढरा दोरा देत नाहीत. तुकडे होतात आणि गाठी बसतात." त्यांनी दोरे तोडून बांधून दाखवले. "इथवर काळा, इथून पांढरा. दुसऱ्या नातीत गाठ दुसरीकडे. अशा खूप नाती झाल्या की मी बघणार, ज्यांना जास्त कोकरं झाली त्या सगळ्यांमध्ये काळ्याचा कुठला तुकडा सारखा आहे. जास्त कोकरांचं कारण त्या तुकड्यात लपलेलं असणार. त्याचाच मी नकाशा काढणार."

"एवढ्यासाठी तू इतकी शिकलीस?" इत्तो म्हणाली. "आमच्या गावात सोयरीक जुळवणाऱ्या म्हाताऱ्या चुलीपाशी बसून हेच करतात. नाक आजीचं, चाल मामाची, जीभ आत्याची."

"आणि तुझी जीभ कुणाची?" बासूने विचारलं.

"माझी माझीच. तुझ्याशी लग्न केल्यावर कमावलेली."

डॉक्टर इतक्या हसल्या की चहा सांडला. मग हसू आवरून म्हणाल्या, "एकच अट आहे, मावशी. नातींचे आईबाप पक्के हवेत. ते चुकले की सगळा गुंता. मग तो कुणालाच सुटत नाही."

"पक्केच आहेत, लेकी," इत्तो म्हणाली. तेव्हा मी तिच्यासमोरच हद्दाच्या कासेला लागले होते.

म्हणजे आम्ही होतो नाती. आमचे आजी-आजोबा मुद्दाम निवडलेले, आमचे आईबाप मुद्दाम एका वाड्यात सोडलेले, आणि आम्ही मोजण्यासाठी जन्मलेल्या. नातींना किती कोकरं होतात एवढंच हवं होतं. नातवांना कोकरं होत नाहीत, म्हणून नातवांचं काही काम नव्हतं. मोठ्या ईदच्या आधी गाडी आली आणि माझ्याबरोबर उड्या मारणारे सगळे मुलगे चढवून नेले. त्यांच्या कानांतही असेच पिवळे बिल्ले होते. आमच्यातल्या काही जणी दोन दिवस फाटकापाशी ओरडत राहिल्या. डॉक्टर त्या वेळी आल्या, आम्हाला पाहून म्हणाल्या, "अरे वा, सगळ्या मुली तब्येतीने छान आहेत."

माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. त्यांना जे हवं असतं तेवढंच त्यांना दिसतं. काहींना नीट बघण्यासाठी चष्मा असतो, तरी तेवढंच दिसतं.

एकदा मी माझ्या जन्माच्या आईलाही पाहिलं. भिंतीखालून पाट वाहतो. पाण्याची पाळी संपून पाट कोरडा पडला की एखादं कोकरू त्या भोकातून पलीकडे जाऊ शकतं. मी गेले. काळी मेंढी लसूणघास खात होती. मी जवळ उभी राहिले. तिने मला हुंगलं. मी वाट पाहिली, तो बारीक आवाज येईल म्हणून. ती पुन्हा लसूणघास चावू लागली. तिच्या तोंडातून हिरवी काडी लोंबत होती, ती मला अजून आठवते. तेवढ्यात भिंतीपलीकडून हद्दाने हाक मारली, आणि मी इतक्या घाईने परत फिरले की भोकात माझी पाठ सोलली.

मग मी मोठी झाले. पहिल्याच वेताला मला तीन कोकरं झाली. दोन मुली आणि एक मुलगा.

माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींना एकेकच झालं होतं, थोड्या जणींना दोन. डॉक्टर वियाम बातमी ऐकून शहरातून निघाल्या त्या थेट वाड्यातच आल्या, हात धुवायलाही थांबल्या नाहीत. चिखलात गुडघे टेकून त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझी राणी," त्या म्हणाल्या. "माझी शहाणी पोर."

त्यानंतर त्या आल्या की पर्समधून साखरेचा खडा काढत आणि मला देत. फक्त मला. राजधानीतून पाहुणे आले तेव्हा मला वेगळं उभं केलं. एक जाड साहेब म्हणाले, "ह्या एकीने तुमचं काम होणार म्हणता?" डॉक्टर म्हणाल्या, "हिच्या दोऱ्यावर सगळा नकाशा उभा राहील, साहेब."

मी हद्दाकडे पाहिलं. ती दूर गव्हाणीपाशी होती. तिला साखर कुणी दिली नव्हती. मला तेव्हा खूप अभिमान वाटला. मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी आहे.

मग रक्त घेतलं. सगळ्यांचं नाही. रक्त तपासायला फार खर्च येतो, म्हणून डॉक्टरांनी दोन टोकं धरली. ज्यांना सगळ्यात जास्त कोकरं झाली त्या थोड्या, आणि ज्यांना एकच झालं त्यातल्या थोड्या. मधल्या तशाच राहिल्या. आमच्या आईबापांचंही घेतलं. बाटल्या बर्फात घालून शहरात गेल्या.

उत्तर यायला बराच काळ गेला. माझी कोकरं गवत कुरतडायला लागली होती.

त्या दिवशी डॉक्टरांची गाडी आली, पण त्या वाड्यात आल्या नाहीत. मी नेहमीप्रमाणे कुंपणापाशी गेले. त्या माझ्याकडे न बघता पायरीवर बसल्या. चेहरा धुळीने माखला होता आणि त्यावर दोन ओल्या रेघा होत्या.

"मावशी, काका, बसा," त्या म्हणाल्या.

बासू बसला. इत्तो उभीच राहिली.

"तामू हद्दाची नाही. हद्दाबरोबर सोडलेल्या एडक्याचीही नाही. आमच्या कुठल्याच घराण्याची नाही. रक्तात तिचा पांढरा दोरा कुठेच नाही. ती अख्खी काळी आहे."

बासूने इत्तोकडे पाहिलं. इत्तोने ओढणीचं टोक हनुवटीखाली घट्ट ओढलं.

"माझ्या घरची आहे," ती म्हणाली. "चौथं झालं होतं. उपाशी होतं. हद्दाचं मेलं होतं. मी लावलं."

"आणि माझ्याशी खोटं बोललात?"

"खोटं? कधी? तू विचारलंस कुणाची. मी म्हटलं हद्दाची. हद्दाचं दूध पिऊन वाढली ती."

"दुधाने रक्त बदलत नाही, मावशी!"

"मग आमच्यात लग्नं का मोडतात?"

डॉक्टर हसल्या. एकदाच, कसंतरी. मग चष्मा काढून तोंडावर हात ठेवला आणि रडू लागल्या. बासू चहा आणायला म्हणून उठला आणि चहा न आणताच परत येऊन बसला.

"तुम्हाला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "माझं काम कुणी अडवायला नको, ते असंच बंद पडेल. पुढच्या महिन्यात वरून माणसं येणार आहेत. घराणी कच्ची निघाली तर एका ओळीत लिहितील, कळप विकून टाका. सगळा. हद्दापासून कालच्या कोकरापर्यंत. काका, तुमची जागासुद्धा."

बासूने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एक साधा दोरा बांधला असतात हिच्या पायाला," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "लाल, हिरवा, कसलाही. मी समजले असते. कोकराला दूध पाजू नका असं मी कधी म्हटलं का?"

"नाही," इत्तो म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली गेला. "तसं तू कधी म्हणाली नाहीस, लेकी."

मग डॉक्टरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "अजून किती?"

आता नीट ऐका, कारण सांगायचं नव्हतं ते हेच. मी कुंपणाला लागून उभी होते. माझ्या डाव्या अंगाला जी उभी होती, ती हद्दाच्या शेजारणीच्या तिळ्यांतली, दुसरीच्या कासेला लावलेली. तिच्यामागे गव्हाणीत तोंड घातलेली, ती तशीच. दोन हिवाळ्यांत इत्तोने कितीतरी रिकामी पोटं भरलेल्या कासांना नेऊन लावली होती. माझ्यासारख्या भिंतीपलीकडून आलेल्या नसल्या तरी या वाड्यातून त्या वाड्यात गेलेल्या. त्या सगळ्या मधल्या होत्या. त्यांचं रक्त कुणी घेतलं नव्हतं.

इत्तोने वाड्याकडे पाहिलं. एकेकीवर तिची नजर थांबली. मग माझ्यावर आली आणि तिथून हलली.

"हीच एक," ती म्हणाली.

बासूने मान खाली घातली.

"नक्की ना, मावशी?"

"हीच एक."

आणि डॉक्टर वियाम, ज्यांनी मेंढ्यांच्या रक्तात दोऱ्याच्या गाठी शोधल्या, त्यांनी बासूची खाली गेलेली मान पाहिली नाही. किंवा पाहिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनाही हेच ऐकायचं होतं. "मग एवढी एक वगळली की झालं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

इत्तो त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेली. "मला दे ती. माझीच होती ना? माझ्या काळीच्या पोटची."

"कानात केंद्राचा बिल्ला आहे, मावशी. केंद्राचं जनावर नोकरांच्या घरी देता येत नाही. नियम आहे. बाजारातच जायला हवं."

"आणि तिची पोरं?"

"त्यांना अजून बिल्ले लावले नाहीत." डॉक्टरांनी गाडीचं दार ओढलं. "मी ती मोजलीच नाहीत असं समजा."

गाडी सुरू झाली. माझ्यासाठी तेवढ्यात साखर निघेल असं मला उगाचच वाटत राहिलं.

म्हणजे बघा, जन्माने मी इत्तोची, दुधाने हद्दाची, कागदावर सरकारची, आणि रक्ताने कुणाच्याच कामाची नाही. तीच मी, तेच तीन कोकरांचं वेत. फक्त आजोबा बदलले आणि राणीचं जनावर झालं.

दुपारी आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो तेव्हा मी हद्दाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मी तुझी नाही ते."

हद्दाने तोंडातला घास गिळला. "दुसऱ्या दिवशीच," ती म्हणाली. "मेलेल्याचा वास फार टिकत नाही गं. ऊन लागलं की उडतो."

"मग मला हाकललं का नाहीस?"

"तू पीत होतीस."

ती मुळातच कमी बोलते.

इत्तोने माझी तिन्ही पोरं पाटाच्या भोकातून आपल्या अंगणात नेली. त्यांना बिल्ला नाही, म्हणून ती कागदावर नाहीत, म्हणून ती जगतील. बाजाराचे दोन गुरुवार इत्तोने निरनिराळी कारणं सांगून टाळले. एकदा मी लंगडते म्हणाली, एकदा गाडीवाल्याशी भांडली. बासूने तिला विचारलं, "असं किती दिवस करणार?" ती म्हणाली, "तू गप. तू त्या दिवशी गप बसलास ना, तसाच बस." तो बसला.

आज पुन्हा गुरुवार आहे. फाटकापाशी गाडी उभी आहे. मागे दोन म्हातारे एडके आधीच चढवलेत, ते एकमेकांना डोक्याने ढकलतायत. गाडीवाला बासूकडे विस्तव मागतोय आणि म्हणतोय, "तरुण दिसते रे ही. सरकार काय अशा मेंढ्या विकतं? आजारी नाही ना?" बासू म्हणतो, "नाही. आजार नाही." "मग?" बासू त्याच्यापुढे विस्तव धरतो.

इत्तोवर माझा राग आहे का, असं तुम्ही विचाराल. ती खोटं बोलली याचा राग नाही. तिने एक देऊन सगळ्या राखल्या, हद्दाही त्यात आली. राग याचा आहे की त्या क्षणी तिने मला नीट पाहिलं नाही. नजर माझ्यावर आली आणि लगेच हलली. माझी जन्माची आईही अशीच वळली होती, पण तिच्याकडे सड दोनच होते. इत्तोला तर आम्हा सगळ्यांची नावं पाठ होती.

डॉक्टरांवर माझा राग आहे. पण तोही पुरा होत नाही. त्या परत गेल्या तेव्हा गाडी नदीच्या वळणावर बराच वेळ थांबली होती. त्या का थांबल्या ते मला माहीत नाही. त्यांचा नकाशा पुरा होईल. त्यावर एक जागा दाखवतील आणि म्हणतील, इथे आहे. ती जागा थोडी चुकलेली असेल, आणि का चुकली ते हा वाडा सोडून कुणालाच कळणार नाही. मोठमोठी माणसं त्यावर मान डोलावतील.

माझं एकच मागणं आहे, आणि ते मी तुमच्याकडे मागते, कारण इथे मागायला कुणी उरलं नाही. या थंडीत पुन्हा कुणाचं कोकरू मरेल आणि पुन्हा कुणाला चार होतील. तेव्हा इत्तोचे हात थांबतील. आता ती घाबरली आहे. परवाच एक मेंढी व्याली, एक कोकरू बाजूला पडून ओरडत होतं, आणि इत्तो दोन्ही हात ओढणीत गुंडाळून नुसती उभी होती. माझ्यामुळे उभी होती. तिला कुणीतरी सांगा, आधी पाज. पोट आधी, बाकी मागून. आणि डॉक्टरांना सांगा की त्यांनी नुसतं कुणाची म्हणून न विचारता खाली बसावं, चहा होईपर्यंत थांबावं आणि सगळं विचारावं. इत्तो सांगेल. तिला भीती घातली नाही तर ती सगळं सांगते, न विचारलेलंही सांगते. एवढं झालं तर पुढच्या कुणा तामूला—

"तामू! ए तामू! चल गं बाई, गाडीवाला बोंबलतोय."

इत्तोच आहे. दोरी हातात आहे पण तिने ती माझ्या गळ्यात घातलेली नाही. हाकेवर मी येते हे तिला माहीत आहे. हद्दा गव्हाणीतून मान वर करून बघतेय. तिच्यापर्यंत जायला आता वेळ नाही, म्हणून तुम्हीच तिला सांगा, कागदावर काही का असेना, मी तिची—